आतून लावलेली वेस

१

विठाबाईंचा दिवस घड्याळावर चालत असे, आणि दोहोंत फरक पडलाच तर दोष घड्याळाचा, अशी त्यांची समजूत होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे टाइमकीपरचे काम केले होते. फाटकाशेजारच्या खोलीत बसायचे आणि कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर गेला, ते सुवाच्य अक्षरात लिहायचे. मॅट्रिक झालेली बाई फाटकावर बसून काय दिवे लावणार, असे जे म्हणाले, त्यांच्याही उशिरांची नोंद त्यांनी पुढे इमानाने केली.

निवृत्त झाल्यावर फाटक सुटले, पण सवय सुटली नाही. बदलापूरच्या कुळगावातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून समोरच गावाची जुनी वेस दिसे. काळ्या दगडाची कमान, वर चुन्याचे पांढरे पोपडे आणि लोखंडी खिळ्यांची दोन भक्कम लाकडी दारे. ही दारे सदैव उघडी. भिंतींना पाठ लावून ती इतकी वर्षे उभी होती की त्यांचे तळ मातीत रुतून गेले होते. ती लावलेली गावात कोणीही पाहिलेली नव्हती, आणि दारे लावताही येतात हे कोणाच्या मनातही येत नसे.

वेशीतून एका वेळी एकच गाडी जाई. सहा वर्षांपूर्वी विठाबाईंच्या यजमानांना, आण्णांना, छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका वेशीबाहेर एका पाण्याच्या टँकरमागे अकरा मिनिटे उभी राहिली. अकरा हा आकडा विठाबाईंनी स्वतः मोजलेला होता. बाराव्या मिनिटाला तिची गरज उरली नाही.

आण्णांचे दिवसवार झाले आणि विठाबाईंनी अर्ज लिहिला. वेस पाडू नये. दगडांवर क्रमांक घालून ती उतरवावी आणि तळ्याकाठच्या बागेत जशीच्या तशी उभारावी. ‘जशीच्या तशी’ या शब्दांखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली होती. अर्जामागून अर्ज गेले, साहेब बदलले, आणि अखेर या डिसेंबरात वेस उतरली. दोन्ही बाजूंचे गाळे मागे सरले, डांबर पडले, आणि जिथे कमान होती तिथे चार गाड्या शेजारून जातील असा रस्ता झाला.

“ताई, आता इथं विमान उतरेल बघा,” शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या.

“विमान नको. रुग्णवाहिका आली तरी पुरे,” विठाबाई म्हणाल्या आणि आत वळल्या.

आत त्यांची सून किर्ती पाय वर करून बसली होती. तिला सहावा महिना होता.

२

गाड्या मात्र थांबत होत्या.

प्रथम विठाबाईंना ते स्वाभाविक वाटले. वर्षानुवर्षे जिथे ब्रेक दाबला, तिथे पाय आपोआप दाबणारच. गाडी त्या ठिकाणी येई, थबके, पुढे जाई. पहिल्या आठवड्यात त्यांनी मोजले तेव्हा तो खंड तीन सेकंदांचा होता. सवय जाईल तसा तो कमी व्हायला हवा होता. चौथ्या आठवड्यात तो वीस सेकंदांवर गेला.

जानेवारीच्या अखेरीस उल्हासनगरहून नवे कपाट आले. बाळाच्या कपड्यांसाठी विठाबाईंचा मुलगा महेश याने ते पसंत केले होते. टेम्पोत ते उभे बांधलेले होते आणि त्याला धरून एक हमाल उभा होता. टेम्पो मोकळ्या रस्त्यावर आला, आणि त्या ठिकाणी येताच हमाल ओरडला, “अरे रोक, रोक! ऊपर लगेगा!”

ड्रायव्हरने मान बाहेर काढून वर पाहिले. वर आकाशाखेरीज काही नव्हते. तरीही दोघांनी दोर सोडला, कपाट आडवे केले आणि मगच टेम्पो पुढे घेतला. हे सारे विठाबाईंनी सज्जातून पाहिले.

कपाट वर आल्यावर त्यांनी ड्रायव्हरला पाणी दिले. “तुम्ही पूर्वी कधी कुळगावात आला होतात का?”

“नहीं मावशी, फर्स्ट टाइम. वो सेठ बोला बदलापूर, तो आ गया.” तो घटाघट पाणी प्यायला. “इधर अंदर आते टाइम कान बंद हो जाता है क्या सबका? टनेल में होता है ना, वैसा.”

“तिथे टनेल नाही.”

“वोही तो बोल रहा हूँ,” तो म्हणाला, आणि काहीतरी विनोद झाल्यासारखा हसला. हमाल हसला नाही.

ते गेल्यावर विठाबाई स्टुलावर चढल्या. कपाटाच्या माथ्यावरची एक कड खरवडली गेली होती, आणि त्या ओरखड्यात पांढरा, जुना, भुसभुशीत चुना भरला होता. चुना कोठेही असतो. गोदामातल्या भिंतींना असतो. असे स्वतःशी दोनदा म्हणून त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला. फडके त्यांनी धुतले नाही, टाकून दिले.

३

फेब्रुवारीत त्या स्वतः तेथून गेल्या. दुपारचे बारा वाजत होते, ऊन डोक्यावर होते, आणि दूध नासल्यामुळे दुसरी पिशवी आणायची होती. रस्त्याच्या मध्यावर त्यांच्या चपलांचा आवाज बदलला. मोकळ्या डांबरावर चप्पल फट्फट् वाजते. इथे तो आवाज दोन्ही बाजूंनी परत येऊ लागला. अंगाला गारवा लागला आणि ओल्या दगडाचा वास आला. सहा-सात पावलांनंतर पुन्हा ऊन, पुन्हा फट्फट्.

पलीकडे पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आले की पदर डोक्यावर आहे. गावच्या सुनांनी वेशीखालून जाताना पदर घ्यावा, असा रिवाज होता. आण्णा गेल्यापासून विठाबाईंनी तो रागाने सोडला होता. ज्या वेशीने माझा माणूस अडवला, तिचा मान मी ठेवणार नाही, असे त्यांनी ठरवले होते. आता हात आपण होऊन वर गेला होता.

त्या दिवसापासून त्या पायी चालणाऱ्यांकडेही लक्ष देऊ लागल्या. माणसे त्या ठिकाणापर्यंत येत, थांबत, खिसे चाचपीत, आणि काहीतरी घरी विसरल्यासारखी मागे फिरत. थोड्या वेळाने पुन्हा येत. कोणी दुसऱ्या खेपेस पार होई, कोणी तिसऱ्या. विचारले की प्रत्येकाजवळ कारण तयार असे. छत्री राहिली. मोबाइल राहिला. गंगूबाईंची एकदा भाजीची पिशवी राहिली, जी त्यांच्या हातातच होती.

“आई, तू टाइमकीपरची नोकरी पुन्हा धरलीस का?” महेश जेवताना म्हणाला. “गाड्या स्लो होतात कारण रोड नवीन आहे. ड्रायव्हर कन्फ्यूज होतात. सिंपल आहे.”

“महिनाभर कन्फ्यूज होतात?”

“आपले लोक आहेत, वर्षभर होतील.”

किर्ती हसली. पण हसताना तिने कपाळ दाबले, ते विठाबाईंनी पाहिले. तिला आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण सासरीच व्हायचे होते. तिचा रक्तदाब वाढत चालला होता. अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, “डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चर्चा करत बसू नका. निघा.”

निघायचे तर त्याच रस्त्याने. मागचा बोळ गटारासाठी खणून ठेवला होता, आणि नदीकडची पायवाट गाडीची नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खंड चाळीस सेकंदांवर गेला. मग विठाबाईंनी मोजणे थांबवले. आकड्याची त्यांना प्रथमच भीती वाटली.

४

बागेतल्या वेशीच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका आली. तिच्यावर वेशीचा उतरवण्यापूर्वीचा फोटो होता. समोर साहेब मंडळी, मागे कामगार, आणि त्यांच्या मागे वेस. विठाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. फोटोत दारे लावलेली होती. कामाच्या दिवसांत गावाच्या बाजूने ताडपत्री ताणलेली असे, म्हणून सज्जातून त्यांना हे दिसले नव्हते.

त्या तडक तळ्याकाठी गेल्या. वेस हिरवळीवर उभी होती, क्रमांकांसह, जशीच्या तशी. दारांवर निळे प्लास्टिक गुंडाळले होते. सोमा गवंडी दगडांच्या सांध्यांत मसाला भरत होता. त्याच्याच हाताखाली वेस उतरली होती आणि त्याच्याच हाताखाली चढली होती. आण्णांना तो दादा म्हणत असे.

“या वैनी! बगा, एक दगूड इकडचा तिकडं नाय.”

विठाबाई कमानीखालून चालत दारांपर्यंत गेल्या आणि परत आल्या. चपला नुसत्या फट्फट् वाजल्या. दगडात आवाज नव्हता, गारवाही नव्हता. त्यांनी पत्रिका पुढे धरली. “सोमा, दारे कोणी लावली?”

“आमीच. उघडी असताना चौकटीतून निगत नव्हती. तेल सोडलं, पहार घातली, आन लोटली. सायेब बोलले, आसू दे, फोटू झकास येईल.”

“मग उघडलीत कधी?”

सोमाने थापी खाली ठेवली. “नाय उघडली.”

“का?”

“फोटूसाठी आमी समदे भायेर उभे व्हतो, वैनी. समदे. मंग आत जायाला दार ढकललं, तर हलंना. आतून अडसर पडलेला.” त्याने आवाज खाली घेतला. “तो अडसर चार मानसांनी उचलायचा. मी बोळातून फिरून आत गेलो. आत कोन नाय. धूळ व्हती, आन तिच्यात एक पाऊल पन नाय. अडसर तेवढा बसलेला, भिताडात, हातभर खोल.”

“आणि तुम्ही तो काढला नाहीत?”

“निगंना ना! मंग बाजूचे दगूड काढले, आन दारं तशीच उतरवली, अडसरासकट. इथं आनून तशीच चढवली. कागदावर लिवलं व्हतं ना, जशीच्या तशी.” तो कसनुसा हसला. “वैनी, कोनाला बोलू नका. लोक म्हनतील सोमा पिऊन कामाला येतो.”

विठाबाईंनी पत्रिकेची घडी करून ती पिशवीत ठेवली. त्यांच्या बुद्धीला हे पटत नव्हते. फाटक बंद असताना फाटकाच्या भिंती उचलून नेल्या, तर मागे काय उरते? काहीच नाही, असेच कोणीही शहाणा माणूस सांगेल. त्यांच्या कारखान्याचे फाटक एकदा रंगवायला काढले होते, तेव्हा पहारेकरी दिवसभर मोकळ्या जागेत उभा राहून माणसे अडवीत होता. त्याला फाटक उघडल्याचा हुकूम मिळालेला नव्हता.

“सोमा, ही दारे उघडायला हवीत.”

“उद्घाटनापातूर हात लावायचा नाय, असा हुकूम हाय. सायेबांची सही आना, आत्ता उघडतो.”

आणि विठाबाईंनी तेच केले, जे त्यांनी आयुष्यभर केले होते. त्या घरी आल्या, टेबलाशी बसल्या आणि अर्ज लिहिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ त्याची शिक्का मारलेली पोच होती. उत्तर नव्हते. किर्तीला रविवारी अंबरनाथ पश्चिमेला महेशच्या मावशीकडे हलवायचे, असेही त्यांनी ठरवले. तेही पद्धतशीर होते.

५

शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता किर्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “आई, मला तुमचा चेहरा दिसत नाही.”

महेश कारखान्यात होता. रुग्णवाहिका हमरस्त्यावरच होती, ती नऊ मिनिटांत आली. विठाबाईंनी सज्जातून तिचे छप्पर पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग ते छप्पर थांबले. मोकळा, रुंद, रिकामा रस्ता. पुढे टँकर नाही, कुत्रेसुद्धा नाही. रुग्णवाहिका तेथे उभी राहिली आणि फोन वाजला.

“आजी, गाडी बंद पडली,” ड्रायव्हर म्हणाला. “आत्तापर्यंत मस्त चालत होती. तुम्ही टेन्शन घेऊ नका, सिस्टरला स्ट्रेचर घेऊन पाठवतो.”

परिचारिका उतरली, स्ट्रेचर ढकलत दहा पावले आली आणि थांबली. तिने कपाळाला हात लावला, काहीतरी आठवल्यासारखे केले, आणि स्ट्रेचर घेऊन गाडीकडे परत फिरली.

विठाबाईंनी वाट पाहिली नाही. गंगूबाईंना हाक मारली, आणि दोघींनी किर्तीला दोन्हीकडून धरून जिना उतरवला. पोरीचे अंग तापले होते, हात सुजले होते. रस्त्यावर कडक ऊन होते. रुग्णवाहिका चाळीस पावलांवर दिसत होती, मग तीस, मग वीस. आणि तेथे किर्ती थांबली. गंगूबाईही थांबल्या.

“ताई, माझा गॅस चालू राहिलाय वाटतं,” गंगूबाई पुटपुटल्या, आणि हात सोडून मागे निघाल्या. हाक मारली तरी त्यांनी वळून पाहिले नाही.

किर्तीने हात पुढे केला होता. तिचा तळवा हवेत सपाट टेकला होता. वेशीचे, अडसराचे किंवा सोमाचे एक अक्षरही तिला कोणी सांगितलेले नव्हते.

“आई,” ती म्हणाली, “दार लावलंय.”

विठाबाईंनी एका हाताने तिला सावरले आणि दुसऱ्याने फोन काढला. “सोमा, कुठे आहेस?”

“बागंतच, वैनी. जेवतोय.”

“डबा बाजूला ठेव. किती माणसे आहात?”

“पाच.”

“अडसर काढ आणि दारे उघड.”

“वैनी, सही—”

“माझी सून दारात उभी आहे, सोमा. ह्या दारात. तिच्या पोटात मूल आहे. सही मी करते, अपराधही माझ्या नावावर लिही. आतल्या बाजूने जा आणि उघड.”

फोनवर डब्याचे झाकण वाजले. मग प्लास्टिक फाटल्याचा आवाज, आणि सोमाचे ओरडणे: “लावा रे हात! एक साथ!”

“हलतोय का?”

“नाय, वैनी, नाय हलत… थांबा. थांबा.” तो ओरडला. “आमचे हात लागायच्या आधीच हलतोय हा.”

आणि विठाबाईंना लाकूड करकरल्याचे ऐकू आले. फोनमधून नव्हे. समोरून, हातभर अंतरावरून, डोक्याच्या वरपासून पायांपर्यंत. डांबरावरून दोन सावल्या सरकल्या आणि दोहोंकडे गेल्या. भर दुपारी तोंडावर ओल्या दगडाची गार हवा आली.

त्यांनी पाहू नये असे ठरवले होते. तरी नजर उजवीकडे गेलीच. भिंतीला अंग चोरून कोणीतरी उभे होते. भिंत नव्हती, पण उभे राहण्याची रीत भिंतीपाशी उभे राहणाऱ्याची होती. त्यांना दिसला तो एक हात, खांद्यावर जड लाकूड पेलून धरलेला, आणि खाली दोन अनवाणी पावले. टाचा मागे घेतलेल्या, जशा आपण ओझे नेणाऱ्या बाईला वाट देताना घेतो. आण्णा डावखुरे होते. हा हात उजवा होता. तो आपल्या ओळखीचा नाही, एवढी नोंद विठाबाईंनी त्याही घटकेला घेतली, आणि का कोण जाणे, त्यांना धीर आला. तो तिथे नेमलेला होता आणि आपले काम करीत होता.

“चल, बाळ,” त्या किर्तीला म्हणाल्या. “वाट दिली आहे.”

सहा-सात पावले होती. पलीकडे ऊन लागले, तेव्हा रुग्णवाहिकेचे इंजिन आपण होऊन घरघरू लागले आणि परिचारिका दचकून धावत आली.

अंबरनाथपर्यंत त्यांना एकदाही ब्रेक लागला नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी किर्तीला मुलगी झाली. लहानशी, पण खणखणीत आवाजाची. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अजून पाव तास गेला असता, तर मी काही सांगू शकले नसते.”

६

उद्घाटन झाले. दारे उघडताना फोटो घ्यायचा साहेबांचा बेत होता. विठाबाई त्यांना जाऊन भेटल्या, आणि फीत उघड्या दारांच्या मध्ये बांधली गेली. भेटीत काय बोलणे झाले, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. सोमाला बोलणी बसली नाहीत, एवढे गावाने पाहिले. अडसर बागेत मिळाला नाही. चोरीला गेला, असे कागदोपत्री नमूद झाले.

नवव्या दिवशी महेश बायकोला आणि लेकीला घेऊन आला. विठाबाई परातीत भाकरतुकडा आणि तांब्यात पाणी घेऊन खाली उतरल्या आणि इमारतीच्या दारात न थांबता रस्त्यावर चालत गेल्या. त्या ठिकाणी उभ्या राहून त्यांनी गाडीला हात केला.

“अगं आई, घर पुढे आहे!” महेश खिडकीतून म्हणाला. मागे रिक्षांचे हॉर्न सुरू झाले. “सगळा ट्रॅफिक अडलाय!”

“घर इथून सुरू होते. किर्ती, उतर. तिला नीट धर.”

“अहो काकू, हायवेवर ओवाळताय का?” एक रिक्षावाला ओरडला, मग बाळ पाहून त्याने स्वतःच हॉर्न थांबवला, आणि मागच्यालाही हात करून गप्प केले.

विठाबाईंनी मायलेकींवरून भाकरतुकडा तीनदा उतरवला, त्यांच्या पायांवर पाणी घातले. एक तुकडा त्यांनी डावीकडे टाकला. तो डांबरावर पडला आणि लगेच कावळा उतरला. दुसरा त्यांनी उजवीकडे टाकला.

किर्ती वाकून पाहू लागली. रस्ता स्वच्छ होता.

“आई, दुसरा कुठे पडला?”

“पडला नाही,” विठाबाई म्हणाल्या. त्यांनी नातीच्या तोंडावरची दुपट्याची कड बाजूला केली आणि उजवीकडे, कोणाला दाखवावे तसे, ते झोपलेले तोंड क्षणभर वळवले. “आता बसा गाडीत. तिला ऊन लागते आहे.”

गाडी सुटली. तिच्यामागे रिक्षा, दुधाचा टेम्पो, शाळेची बस, एकामागोमाग एक, कोणीही न थबकता गावात आली.